थंडीच्या संध्याकाळी पेटी ऐकू या!

मैत्रिणींनो, वसई-विरारकडे गारवा आला की दिवेलागणी लवकर होते. वालाच्या शेंगा सोलताना आपण गाणं लावतोच, पण बहुधा जे कानावर पडेल ते! या हिवाळ्यात जरा निवडून ऐका ना. जुन्या ध्वनिमुद्रिकांतलं पुष्कळसं आता मोबाइलवरही मिळतं.

सुरुवात पेटीपासून करा. पेटी म्हणजे साथीला बसणारी, अशीच आपली समजूत. आणि साथ करणाऱ्याकडे कितीसं लक्ष जातं, हे आपल्याला का सांगायला हवं? या पेटीवर तर आकाशवाणीने १९४० साली बंदीच घातली. ती सैल झाली १९७१ साली. पट्ट्यांचे स्वर ठरलेले, त्यातून मींड निघत नाही, असा आक्षेप होता. तो कितपत खरा, हे पी. मधुकर यांचं स्वतंत्र वादन ऐकून तुम्हीच ठरवा. त्यांचे शिष्य पं. तुळशीदास बोरकर (१९३४–२०१८) मूळचे गोव्यातल्या बोरीचे. त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. त्यांचा एखादा राग मध्येच न उठता सबंध ऐका. नाट्यपदांची आवड असेल, तर गोविंदराव पटवर्धन ऐकाच. शब्द नसतात, तरी पद ओळखीचं असलं की शब्द आपोआप ओठांवर येतात!

मग भावगीतांकडे वळा. १९३०च्या दशकात जी. एन. जोशी यांनी ना. घ. देशपांडे यांची कविता गायली आणि ती तबकडी घरोघर गाजली. भावगीतात कविता आधी, चाल तिच्यामागून. म्हणून आधी नुसते शब्द वाचा, मग गाणं लावा. फरक जाणवेल.

आपल्याकडे नाताळची गाणी ऐकलेल्या कानांना पियानोही परका नाही. व्हिएन्नाच्या शूबर्टने १८२७ साली विल्हेल्म म्यूलरच्या २४ कवितांना चाली दिल्या. नावच ‘हिवाळी प्रवास’! त्यात पियानो गळ्याच्या बरोबरीने बोलतो. शेवटचं गाणं बर्फात अनवाणी उभं राहून वाद्य वाजवणाऱ्या म्हाताऱ्याचं आहे. त्याचं कुणी ऐकत नाही. जर्मन येत नसलं, तरी ते एकाकीपण पोचतं.

आणि हो, लग्नाआधी शिकलेली पेटी माळ्यावर पडून असेल, तर याच कोरड्या दिवसांत खाली काढा. पावसाळ्यातल्या ओलीने पट्ट्या अडकतात, आतल्या पितळी सुरांवर गंज चढतो. कोरड्या मऊ फडक्याने पुसा. तेल मुळीच घालू नका, कडक उन्हातही ठेवू नका. भाता फाटला असेल, तर कारागिराकडेच द्या. मग रोज दहा मिनिटं वाजवा. हात अडखळेल, अडखळू द्या. तेवढा वेळ कुकरच्या शिट्ट्या दुसऱ्या कुणाला तरी मोजायला सांगा!