दावा कापसाचा, भाव शेतकऱ्याचा

शेतमालाला भाव का मिळत नाही, या प्रश्नाचे उत्तर आपण बहुधा शिवारात किंवा बाजार समितीच्या आवारात शोधतो. पाऊस लांबला, आवक वाढली, व्यापाऱ्यांनी भाव पाडला, ही कारणे खोटी नाहीत. परंतु कापसासारख्या पिकाचा भाव काही अंशी वॉशिंग्टनमधील अर्थसंकल्पात आणि जिनिव्हातील सुनावणीतही ठरत असतो. यवतमाळ किंवा अकोल्याच्या कास्तकाराला या दोन्ही ठिकाणी प्रवेश नसतो.

ऑक्टोबर २००१ मध्ये जागतिक बाजारातील रुईचा भाव पौंडाला, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅमला, ४० सेंटच्या खाली उतरला. हाच भाव १९९५ साली शंभर सेंटच्या वर गेला होता. भाव पडला की पुढील हंगामात लागवड घटावी, पुरवठा कमी व्हावा आणि भाव सावरावा, असा बाजाराचा सर्वसाधारण नियम आहे. अमेरिकेत मात्र त्याच वर्षी कापसाचे तोवरचे विक्रमी पीक आले. कारण तेथील उत्पादक बाजारभावाकडे नव्हे, तर सरकारने दिलेल्या आश्वासनाकडे पाहून पेरणी करत होता. २००२ च्या अमेरिकी शेती कायद्याने कापसासाठी पौंडाला ७२.४ सेंट असा लक्ष्यभाव निश्चित केला. जागतिक भाव ५२ सेंटच्या खाली गेल्यास उत्पादित मालावर त्या फरकाची भरपाई मिळे. शिवाय पूर्वीच्या लागवड क्षेत्राच्या आधारे आणखी दोन प्रकारची अनुदाने होती. भाव पडल्याचे दुःख त्याच्यापर्यंत पोहोचतच नव्हते. ते इतरांच्या वाट्याला गेले. (कृत्रिम धाग्याची स्पर्धा आणि इतर देशांतील साठे यांचाही भावाच्या घसरणीत वाटा होता, हे येथे नमूद करणे न्याय्य होईल.)

सप्टेंबर २००२ मध्ये ब्राझीलने जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली. भारत या खटल्यात त्रयस्थ पक्षकार होता. आफ्रिकेतील बेनिन आणि चाड हे देशही होते. २००४ साली निवाडा ब्राझीलच्या बाजूने लागला आणि मार्च २००५ मध्ये अपील मंडळाने तो मुख्यतः कायम ठेवला. अमेरिकी अनुदानांमुळे जागतिक भाव लक्षणीय प्रमाणात दबला, हे अधिकृतपणे मान्य झाले. महागडी अमेरिकी रुई उचलणाऱ्या गिरण्यांना आणि निर्यातदारांना फरकाची रक्कम देणारी योजना तर निषिद्ध ठरली. बँक व्यवसायातील वाचकांना निकालाचा आणखी एक भाग रोचक वाटेल. अमेरिकी शेतमाल उधारीवर घेणाऱ्या परदेशी खरेदीदारांच्या कर्जास तेथील सरकार हमी देत असे. या हमीचे शुल्क योजनेचा दीर्घकालीन खर्च भागवण्यास अपुरे असल्याने हमीच निर्यात अनुदान ठरली. जोखमीच्या मानाने स्वस्त दिलेली हमी म्हणजे अनुदानच, हे तत्त्व एरवी आपण कर्जप्रस्तावाच्या टिपणीत लिहितो.

निकालानंतर अमेरिकेने २००६ साली निषिद्ध योजना बंद केली. मूळ अनुदाने चालूच राहिली. अखेर लवादाने ब्राझीलला प्रतिकाराची परवानगी दिली. २०१० मध्ये ब्राझीलने सुमारे ८३ कोटी डॉलरच्या प्रतिकाराची तयारी केली. त्यात अमेरिकी मालावर वाढीव शुल्क लावण्याबरोबरच पेटंटसारखे बौद्धिक संपदेचे हक्क निलंबित करण्याचाही इशारा होता. आता कापूस उत्पादकांचे प्रकरण औषध कंपन्यांच्या दारात आले होते, आणि तडजोड लगेच निघाली. अनुदाने कमी करण्याऐवजी अमेरिकेने ब्राझीलच्या कापूस क्षेत्रासाठी वर्षाला १४.७३ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले! ऑक्टोबर २०१४ मध्ये आणखी ३० कोटी डॉलर देऊन वाद कायमचा मिटवण्यात आला. अमेरिकी करदाता काही वर्षे स्वतःच्या आणि ब्राझीलच्या, अशा दोन्ही देशांच्या कापूस उत्पादकांना पोसत होता.

बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार देशांनी २००३ मध्ये कापूस अनुदाने संपवून तोवर भरपाई द्यावी, अशी मागणी मांडली होती. त्यांच्याकडे प्रतिकारासाठी पुरेशी आयात नव्हती की खटल्याचे बळ. ब्राझीलला मिळालेल्या निधीतील काही भाग आफ्रिकेतील सहकार्यावर खर्च करण्याची मुभा होती. पण दबलेल्या भावाने विकलेल्या कापसाची भरपाई तेथील शेतकऱ्याला मिळाली नाही, आणि विदर्भातील शेतकऱ्यालाही नाही. जागतिक व्यापार संघटनेत दावेदार सरकार असते, शेतकरी नव्हे. पुढे २०१८ मध्ये अमेरिकेने सरकीसह कापूस या नावाने हे पीक पुन्हा आधारभाव योजनेत घेतले.

त्याच २०१८ च्या नोव्हेंबरात आरोपीच्या जागी भारत होता. भारताचा कापसाचा हमीभाव आधार मर्यादेबाहेर आहे, असे निवेदन अमेरिकेने संघटनेसमोर ठेवले. ही मर्यादा उत्पादन मूल्याच्या १० टक्के असून आधाराची मोजणी १९८६-८८ च्या स्थिर संदर्भ किमतीशी तुलना करून होते. इतक्या जुन्या किमतीशी आजचा हमीभाव ताडला, तर तो अवाढव्य दिसणारच. माझ्या मते भारताचा या मोजपट्टीवरील आक्षेप रास्त आहे. मात्र हमीभाव जाहीर होणे आणि त्या भावाने प्रत्यक्ष खरेदी होणे यांतील अंतर आपल्याच घरातले आहे; त्याचा दोष जिनिव्हावर ढकलता येणार नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये वादाचे स्वरूप पालटले. अमेरिकेने भारतीय मालावरील शुल्क ५० टक्क्यांवर नेले आणि कापड व तयार कपड्यांचे निर्यातदार अडचणीत आले. त्यांना कच्चा माल स्वस्त मिळावा म्हणून केंद्र सरकारने रुईवरील ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्टपासून माफ केले. ही माफी प्रथम ३० सप्टेंबरपर्यंत होती. नंतर ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवण्यात आली. गिरण्यांच्या दृष्टीने हा उपाय समजण्यासारखा होता. पण ऑक्टोबर ते डिसेंबर म्हणजे नव्या कापसाच्या वेचणीचा आणि विक्रीचा काळ. वादाची ठिणगी कपड्यांवर पडली, झळ कापसाला लागली. त्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये होता आणि भारतीय कापूस महामंडळाच्या केंद्रावर नोंदणी, ओलावा, रांग हे सोपस्कार होतेच. ज्याला थांबणे परवडत नाही, तो मिळेल त्या भावाने विकून मोकळा होतो.

पीककर्जाच्या अर्जात क्षेत्र, सिंचन, पीक, मागील थकबाकी यांची नोंद असते. आयात शुल्काचा रकाना त्यात नाही. शुल्कमाफीची मुदत दिल्लीत वाढली. वेळेवर फेडीवर मिळणाऱ्या ३ टक्के व्याजसवलतीची मुदत त्यासोबत वाढली नाही.