पेशीची चौकशी आणि तिचा खर्च

बारडोली तालुक्याच्या शेतसाऱ्यात सरकारने जी २२ टक्क्यांची वाढ लादली, ती ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल या अधिकाऱ्यांनी गावोगाव फिरून, दप्तरे पाहून व रयतेचे जबाब घेऊन सुमारे ६ टक्केच रास्त ठरवली. खरी माहिती मिळवायची तर पायपीट आली, आणि तोच न्याय आतड्यातील ई. कोलाय या क्षुद्र जीवाणूलाही लागू आहे. भोवतीचे अन्न वाढते आहे की घटते, हे ताडण्यासाठी त्याच्या ग्राहक-प्रथिनांवर मेथिल गट अखंड चढवले-उतरवले जातात. ही त्याची काही क्षणांची स्मृती होय, आणि बाहेर काहीही बदलले नाही तरी तिचा खर्च चालूच असतो.

भौतिकशास्त्रज्ञ लँडाउअर यांनी १९६१ मध्ये सांगितलेली, एक बिट माहिती पुसण्याची किमान किंमत एटीपी या पेशीच्या ऊर्जावाहक पदार्थाच्या एका रेणूतून मिळणाऱ्या ऊर्जेच्या सुमारे तिसाव्या हिश्श्याइतकी भरते. पेशी त्याहून पुष्कळच अधिक मोजते, पण मला तरी ती उधळपट्टी वाटत नाही. कारण, २०१२ साली युहाई तू व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवल्याप्रमाणे, भोवतालच्या बदलाशी पेशीचे हे जुळवून घेणे जितके त्वरित आणि अचूक हवे तितकी ऊर्जा अधिक लागते. आणि उपासमारीत हा जीवाणू वेगाला कात्री लावतो, अचूकतेला नव्हे.