ढिगाऱ्यातून ओळखणारा उस्ताद

आम्ही मंगळवेढ्याचे. त्यामुळे संत चोखोबांची गोष्ट शाळेत जाण्याआधीच कानावर पडलेली. 1338 साली इथे गावकुसाचे बांधकाम चालू असताना भिंत कोसळली आणि अनेक मजूर गाडले गेले. त्यांत चोखोबाही होते. त्यांना मार्ग दाखवणारे नामदेव पंढरपूरहून आले. ढिगाऱ्यातून त्यांनी चोखोबांच्या अस्थी शोधल्या, पंढरपूरला नेल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची, असे परंपरा सांगते.

ज्याची त्याची श्रद्धा. शिक्षक म्हणून आम्हाला मात्र एक गोष्ट भिडते. जगाच्या लेखी ते फक्त मेलेले मजूर होते. नामदेवांना त्यांतला आपला माणूस ओळखता आला. आवाज आधी मन लावून ऐकला असेल, तरच तो असा ओळखता येतो.

इथेच आम्ही कमी पडलो. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गात एक मुलगी होती. गणितात हुशार, पण गप्प. हजेरीपलीकडे तिचा आवाज आम्ही कधी ऐकलाच नाही. आठवीत एनएमएमएसची परीक्षा दिली आणि निवड झाली, तर नववी ते बारावी वर्षाला 12000 रुपये शिष्यवृत्ती मिळते. घरची स्थिती विचारली असती, तर तिचा अर्ज आम्हीच भरून घेतला असता. नववीत तिचे येणे बंद झाले, तेव्हा घरी गेलो. तिच्या अब्बांनी चहा दिला आणि म्हणाले, "सर, आज पहिल्यांदाच आलात." तो चहा आमच्या घशाखाली उतरला नाही. ती मुलगी पुन्हा शाळेत आली नाही.

तेव्हापासून आम्ही जूनमध्येच मुलांच्या घरी जातो. कोण घरकामात अडकते, कुणाला चष्मा हवा आहे, कुणाचे दाखले अडले आहेत, हे वहीत लिहून ठेवतो. तालीम पुस्तकातून देता येते; तरबियतीसाठी मूल ओळखावे लागते.

पालकांनाही एक विनंती. पालकसभेत मार्क जरूर विचारा, पण सोबत हेही विचारा: "सर, माझी मुलगी कशाने खुलते आणि कशाला घाबरते?" ज्याला याचे उत्तर देता येईल, तो तिचा उस्ताद. आणि उत्तर देता आले नाही, तर तुमच्या प्रश्नाने तरी तो शोधायला लागेल.