तरलाबेनची शिकवणी

तरला दलाल टीव्हीवर आल्या तेव्हा त्यांना काही नवं शिकावं लागलं नसणार. ओट्यापाशी उभं राहून, समोरच्या बाईला उमजेल असं बोलत बोलत रांधणं हे त्या १९६६पासून मुंबईतल्या आपल्या घरी करतच होत्या. समोर आता बायकांऐवजी कॅमेरा होता, एवढंच.

जन्म पुण्यातला, १९३६चा. १९६० साली नलिन दलाल यांच्याशी लग्न झालं आणि त्या मुंबईला आल्या. घरगुती क्लासचा बोलबाला इतका वाढला की लग्नाच्या वयाच्या मुलींना आया मुद्दाम तिथे धाडू लागल्या. मुलगी बघायला आलेल्यांपुढे ‘हिला बेक्ड डिश येते’ म्हणायची सोय झाली असावी!

१९७४ साली ‘द प्लेझर्स ऑफ व्हेजिटेरियन कुकिंग’ हे पहिलं पुस्तक आलं. मराठी घरांत तोवर कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ पोहोचली होती. कमलाबाईंनी घरचंच अन्न वाटी-चमच्याच्या मापात बांधून दिलं. तरलाबेनपुढचा पेच वेगळा. घरात अंडं येत नाही, काहींना कांदा-लसूणही वर्ज्य, आणि पोरांना तर केक हवा, पिझ्झा हवा. मग अंड्याच्या जागी कंडेन्स्ड मिल्क आलं, आणि मांसाच्या जागी भाज्या. इटलीतल्या एखाद्या आजीनं नाक मुरडलं असतं, पण ती काही या घरी जेवायला येणार नव्हती. परक्या पदार्थाला आपल्या सोवळ्यात बसवायचं हे काम मला अस्सलपणाच्या गप्पांपेक्षा कठीण वाटतं. त्यासाठी मूळ पदार्थात अंडं नेमकं काय करतं, हे आधी कळावं लागतं.

पुढे पुस्तकांची संख्या शंभरावर गेली. मधुमेह्यांसाठी, गरोदर बायकांसाठी, काही विषय सुटला नाही. सगळीच पुस्तकं एका तोलाची नाहीत, हेही खरं. एवढं लिहिल्यावर पाणी थोडं वाढणारच. सोनी वाहिनीवरचा ‘कुक इट अप विथ तरला दलाल’ हा कार्यक्रम, स्वतःचं नियतकालिक, संकेतस्थळ, हे सगळं त्या पुस्तकांच्या मागून आलं.

२००७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. इम्तियाज कुरेशींना ती २०१६त मिळाली, संजीव कपूरांना २०१७त. दोघंही हॉटेलांच्या मुदपाकखान्यांतून आलेले. त्यांच्या कितीतरी आधी घरच्या ओट्यावरची ही शिकवणी दिल्लीपर्यंत पोहोचली होती, याची मला गंमत वाटते.

६ नोव्हेंबर २०१३ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. दहा वर्षांनी, २०२३त, ‘तरला’ हा हिंदी चित्रपट आला, हुमा कुरेशीच्या मुख्य भूमिकेचा. त्यात नवरा बाहेर चोरून मांसाहार करतो हे कळल्यावर ही बाई भांडून थांबत नाही. मुर्ग मुसल्लमचा मसाला तसाच ठेवते आणि आत कोंबडीऐवजी बटाटा घालते.