वाहनमालकांची निष्ठा आणि वाहनाचा भरवसा

पुण्याहून साताऱ्याकडे निघालेला प्रवासी कात्रज ओलांडून, खेड शिवापूर आणि कापूरहोळ मागे टाकून किकवीला येतो. भोर तालुक्यातील हे गाव मुंबई-बंगळूर महामार्गाच्या काठी वसलेले आहे. या महामार्गाचा क्रमांक पूर्वी ४ होता, आता ४८ झाला. रस्ता रुंदावला, पूल झाले, जुनी वळणे निघाली. रस्त्याकाठच्या एका वादाला मात्र अद्याप विराम मिळालेला नाही. नवी गाडी घ्यावयाची तर ती कोणत्या कंपनीची, हा तो वाद होय.

या वादात आकडे क्वचितच निघतात. घराण्याचे कुलदैवत कोणी बाजारभाव पाहून बदलत नाही; त्याचप्रमाणे कित्येक घरांत गाडीचे नावही पिढ्यान्पिढ्या बदलत नाही. वडिलांचा ट्रक टाटांचा होता म्हणून मुलाचा मालवाहू टेम्पोही टाटांचाच. चुलत्याने जीपवर वडाप करून संसार उभा केला म्हणून पुतण्याला महिंद्राखेरीज दुसरे नाव सुचत नाही. तिसऱ्याला लेलँडचे इंजिन घाटात कसा दम धरते हे सांगताना शब्द पुरत नाहीत. आपल्या भाषेनेही या नावांना आश्रय दिला आहे. ‘टेम्पो’ हा शब्द मुळात एका जर्मन उत्पादनाचे नाव. त्या कंपनीच्या सहकार्याने १९५८ मध्ये बजाज टेम्पो उभी राहिली. २००५ मध्ये तिचे नाव फोर्स मोटर्स झाले, तरी मराठी माणूस कोणत्याही छोट्या मालवाहू गाडीला टेम्पोच म्हणतो.

हा विषय हौसेचा असता तर त्याची एवढी चिकित्सा करण्याचे कारण नव्हते. तथापि किकवीसारख्या गावातील एका गाडीचा मालक बहुधा स्वतःच चालक असतो, आणि गाडी कर्जावर घेतलेली असते. भाजी पहाटे पुण्याच्या मार्केट यार्डात पोहोचली नाही तर तिचा भाव उतरतो. दूध वेळेवर पोहोचले नाही तर ते नासते. शिरवळच्या पुढे खंबाटकीच्या चढावर भरलेली गाडी बंद पडली, तर त्या दिवसाचे भाडे जाते, गाडी ओढून आणण्याचा खर्च अंगावर पडतो आणि बँकेचा हप्ता ठरलेल्या तारखेला येतोच. अशा माणसाला गाडीचा भरवसा म्हणजे घरातील चुलीचा भरवसा असतो. म्हणून त्याची निष्ठा कशावर उभी आहे, हे तपासणे अगत्याचे ठरते.

निष्ठेचे मूळ

पहिली गोष्ट अशी, की एके काळी ज्याला निष्ठा म्हटले गेले, ती बव्हंशी निरुपायाची होती. १९५४ मध्ये टेल्कोने जर्मनीच्या डायम्लर-बेंझशी करार करून ट्रक बनविण्यास आरंभ केला. तो करार १९६९ मध्ये संपला आणि पुढे गाडी केवळ टाटांच्या नावाने धावू लागली. दुसरीकडे मद्रासजवळ एन्नोर येथे अशोक लेलँड होती. जड मालवाहू गाड्यांच्या बाजारात या दोन नावांखेरीज फारसे कोणी उरले नव्हते. मोटारींची स्थिती याहून निराळी नव्हती. उत्तरपाड्याची ॲम्बॅसॅडर किंवा मुंबईच्या कुर्ल्यात बनणारी प्रीमियर, एवढ्यावर निवड आटोपत असे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती आली आणि १९९३ मध्ये मोटारींचे उत्पादन परवान्यातून मुक्त झाले, तेव्हा कोठे ग्राहकाला निवडीचा अर्थ कळू लागला.

परंतु या निरुपायातूनच एक मोलाची गोष्ट घडली. दोनचारच गाड्या सर्वत्र धावत असल्यामुळे त्यांचे अंतरंग जाणणारा मिस्त्री प्रत्येक नाक्यावर तयार झाला. क्लचप्लेट, पाटा, बेअरिंग, डिझेलचा पंप हे सारे तालुक्याच्या दुकानात मिळू लागले. प्रीमियर पद्मिनीचे उत्पादन थांबल्यानंतरही मुंबईचे टॅक्सीवाले तिला वर्षानुवर्षे धरून राहिले, त्याचे कारण तिच्या देखणेपणात नव्हते. तिचा सुटा भाग स्वस्त होता, आणि तो बसविणारा हात जवळ होता. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली होती. वीस वर्षांची कायदेशीर मुदत भरल्यावर, ऑक्टोबर २०२३ मध्ये, ती रस्त्यावरून उतरली.

१९८० नंतरच्या दशकात या जुन्या निष्ठेची खरी कसोटी लागली. हलक्या मालवाहू गाड्यांसाठी चार जपानी कंपन्या भारतीय भागीदारांसह एकाच सुमारास बाजारात उतरल्या. डीसीएम टोयोटा, स्वराज माझदा, आल्विन निसान आणि मित्सुबिशीच्या सहकार्याची आयशर, ही ती चार नावे. जपानी इंजिनाची कीर्ती मोठी होती आणि ती खोटीही नव्हती. त्यांना उत्तर म्हणून टेल्कोने १९८६ मध्ये पुण्याच्या कारखान्यातून ‘४०७’ बाहेर काढली. पुढे काय घडले, ते सर्वांना ठाऊक आहे. १९८५ नंतर येनचे मोल वाढत गेले आणि जपानहून येणारे सुटे भाग महागले. इकडे ४०७ ही क्षमतेपेक्षा अधिक भार, खराब रस्ता आणि गावचा मिस्त्री हे सारे गृहीत धरून बनविलेली होती. टोयोटाने त्या भागीदारीतून अंग काढून घेतले. आल्विन निसान महिंद्रांकडे गेली. आयशर मात्र टिकली आणि नावारूपाला आली, हेही विसरता कामा नये. ज्याने येथील परिस्थितीशी जमवून घेतले तो तरला, मग त्याचे मूळ कोठले का असेना.

या लढतीचा बोध अनेकांनी ‘आपली गाडी ती आपली’ एवढाच घेतला. वस्तुतः त्यात भरवशाची नेमकी व्याख्या दडलेली आहे. गाडी किती दिवसांनी बिघडते आणि बिघडल्यावर किती दिवसांत उभी राहते, असे भरवशाचे दोन घटक असतात. समजा, एक गाडी वर्षातून दोनदाच बिघडते, पण सुटा भाग येईपर्यंत प्रत्येक वेळी पाच दिवस उभी राहते. दुसरी सहा वेळा बिघडते, पण दर वेळी अर्ध्या दिवसात चालू होते. पहिलीचे दहा दिवस बुडाले, दुसरीचे तीन. कारखान्याच्या चाचणीत पहिली सरस ठरेल, तर किकवीच्या मालकाच्या वहीत दुसरी. म्हणूनच जुन्या पिढीची निष्ठा दिसायला कंपनीवर असली, तरी तिचा आधार नाक्यावरचा मिस्त्री होता, आणि त्या हिशेबात ती शहाणपणाचीच होती.

बदललेला पाया

हा पाया आता हलला आहे. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज सहाचे प्रदूषणनियम लागू झाले. त्यानंतरच्या डिझेल गाडीत इंधनाचा फवारा, धुराचे शुद्धीकरण आणि इंजिनाची शक्ती या साऱ्यांवर संगणकाची देखरेख असते. एखादा संवेदक बिघडला, की इंजिन धडधाकट असूनही गाडी ओढ धरीत नाही. कानाने इंजिनाचा आवाज पारखणारा जुना मिस्त्री अशा वेळी हतबल होतो, कारण दोष वाचण्याचे यंत्र आणि आज्ञावली बहुधा कंपनीच्या अधिकृत सेवाकेंद्रातच असते. हवा स्वच्छ राहावी म्हणून हे नियम आवश्यक होते, यात शंका नाही. परंतु दुरुस्तीचे ज्ञान नाक्यावरून उठून कंपनीच्या दारात गेले, आणि ज्या कारणासाठी वडिलांची निष्ठा योग्य होती ते कारण मुलाच्या गाडीपाशी बरेचसे उरले नाही. निष्ठा मात्र सवयीने तशीच राहिली.

सवय टिकते त्यामागे मनाचा एक स्वभाव आहे. १९५७ मध्ये अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी नुकतीच मोटार घेतलेल्या लोकांची पाहणी केली. हे लोक अन्य मोटारींपेक्षा आपण घेतलेल्याच मोटारीच्या जाहिराती अधिक वाचतात, असे त्यांना आढळले. खरेदी झाल्यावर माणूस माहिती शोधीत नाही, तो समर्थन शोधतो. लाखो रुपये गुंतवून घेतलेली गाडी सदोष आहे असे कबूल करणे म्हणजे स्वतःच्या निर्णयाला दोष देणे. म्हणून ‘आमची गाडी कधी बंद पडलीच नाही’ हे वाक्य चहाच्या टपरीवर इतक्या ठामपणे उच्चारले जाते. त्यात एकट्याच्या अनुभवाची मर्यादाही विसरली जाते. एका गाडीचा अनुभव म्हणजे एका विद्यार्थ्याच्या गुणांवरून शाळेचा निकाल सांगण्यासारखे आहे.

आपल्याच राज्यात याहून बरी पद्धत अस्तित्वात आहे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली, तेव्हापासून सार्वजनिक वाहतुकीचा मोठा अनुभव येथे साठला आहे. टाटा आणि लेलँड या दोन्ही बनावटींच्या गाड्या एसटीने वापरल्या. देशातील राज्य परिवहन उपक्रमांत दर दहा हजार किलोमीटरमागे किती बिघाड झाले आणि एका लिटर डिझेलमध्ये गाडी किती धावली, याचा हिशेब ठेवण्याची रीत आहे. त्या हिशेबात भावनेला जागा नसते. एका गाडीच्या मालकाला एवढी यंत्रणा शक्य नाही हे उघड आहे. पण मोजण्याची रीत उचलण्यास पैसा लागत नाही.

निष्ठेला वाचा हवी

येथे कोणी म्हणेल, की मग निष्ठा सोडून द्यावी आणि दर वेळी जी गाडी चांगली दिसेल ती घ्यावी. उत्तर इतके सोपे नाही. अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये या प्रश्नावर एक ग्रंथ लिहिला. त्यांच्या विचाराला चालना मिळाली ती नायजेरियातील रेल्वे आणि ट्रक यांच्या स्पर्धेतून. तेथील रेल्वे ढिसाळ होती आणि ट्रकची स्पर्धा असूनही ती सुधारत नव्हती. याचे कारण हर्शमन यांना असे दिसले, की ज्या गिऱ्हाइकांनी ओरड केली असती, तेच सर्वांत आधी ट्रककडे निघून गेले. मागे उरले त्यांच्याकडून रेल्वेला कसलाच धाक राहिला नाही. तात्पर्य, माल नासू लागला तर गिऱ्हाइकापुढे दोन वाटा असतात: निघून जाणे किंवा बोलणे. निष्ठा माणसाला लगेच निघून जाऊ देत नाही. म्हणूनच तो थांबून बोलेल अशी शक्यता निर्माण होते. निष्ठेचा सामाजिक उपयोग हाच आहे. थांबलेला माणूस बोललाच नाही, तर तो उपयोग संपतो.

पुण्याच्या इंडिका मोटारीचा इतिहास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. डिसेंबर १९९८ मध्ये तिचे अनावरण झाले, तेव्हा देशी बनावटीची मोटार म्हणून तिचे मोठे स्वागत झाले. प्रत्यक्ष वापरात दोष दिसू लागताच ग्राहकांनी तक्रारींचा वर्षाव केला. कंपनीने त्या मनावर घेतल्या, आणि २००१ मध्ये सुधारलेली आवृत्ती बाजारात आली. तिने मोटारीचे नाव सावरले. अभिमानापोटी सर्वांनी मौन पाळले असते, तर ती मोटार बहुधा तेथेच संपली असती.

कायद्यानेही आता या बोलण्याला बळ दिले आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार चालकाला, रस्त्यावरील इतरांना किंवा पर्यावरणाला अपाय करील असा दोष आढळल्यास सरकार कंपनीला त्या गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते. त्यासाठीचे नियम १ एप्रिल २०२१ पासून अमलात आले. मात्र मालकांच्या तक्रारींवरून असा आदेश निघण्यासाठी तक्रारी ठरावीक संख्येने नोंदल्या जाव्या लागतात. प्रत्येक निष्ठावंत गप्प बसला, तर ती संख्या भरणार कशी? अपायाचा प्रश्न नसलेल्या दोषांसाठी ग्राहक संरक्षण कायदा आहे. व्यवसायासाठी घेतलेल्या वस्तूला तो लागू होत नाही, असा समज करून घेऊन अनेक मालक त्याच्या वाटेला जात नाहीत. हा समज अर्धवट आहे. केवळ स्वयंरोजगारातून आपली उपजीविका चालविण्यासाठी वस्तू घेणारा माणूस ग्राहकच ठरतो, असे कायदा सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात हे स्पष्ट करताना, स्वतः चालविण्यासाठी ट्रक घेणाऱ्याचेच उदाहरण दिले होते.

तेव्हा मालकाने आपली कंपनी बदलावी की न बदलावी, हा दुय्यम प्रश्न आहे. गाडी कोणत्या तारखेला, किती किलोमीटरवर, कशामुळे थांबली, किती दिवस उभी राहिली आणि किती खर्च आला, या पाच गोष्टी वहीत लिहिण्यास पाच मिनिटे पुरतात. सेवाकेंद्राचे जॉब कार्ड आणि पावत्या त्याच वहीत ठेवाव्यात. गावातील दहा-वीस मालकांनी वर्षअखेर आपापल्या वह्या एकत्र मांडल्या, तर कोणत्या बनावटीचा कोणता भाग वारंवार दगा देतो हे कोणत्याही जाहिरातीपेक्षा स्पष्ट कळेल. गावातील शिक्षक आणि महाविद्यालयीन मुले यांना ही बेरीज करून देणे अवघड नाही. गणिताचा याहून उपयुक्त धडा शोधूनही सापडणार नाही.

त्या बेरजेनंतरही कोणाला वडिलांच्याच कंपनीची गाडी घ्यावीशी वाटली, तर त्याने ती खुशाल घ्यावी. परंतु गाडीतील दोष त्याने टपरीवर झाकू नये आणि सेवाकेंद्रात लेखी नोंदविल्याशिवाय राहू नये. ज्या कंपनीबद्दल आपुलकी वाटते तिच्यावर त्याचे तेवढे ऋण आहे, आणि त्याच बनावटीची गाडी हप्त्यावर घेऊन उद्या खंबाटकी चढणाऱ्या दुसऱ्या मालकाचेही.