एका संगीतकाराच्या दोन विधवा

सातबाराचा उतारा, खरेदीखत, सोसायटीची पावती हे कागद आपण ट्रंकेच्या तळाशी जपून ठेवतो. पण लग्नाचा कागद विचारला तर म्हणतो, "सारा गाव जेवून गेला, आणखी पुरावा कसला?" म्हणून रशियातील एका थोर संगीतकाराच्या घरची हकीगत आज तुम्हाला सांगतो.

सर्गेई प्रोकोफिएव्ह यांचा जन्म १८९१ सालचा, सोंत्सोव्का नावाच्या खेड्यातला. हे गाव तेव्हा रशियन साम्राज्यात होते, आज युक्रेनमध्ये आहे. वडील शेतीशास्त्र शिकलेले, एका जमीनदाराची शेती सांभाळणारे. म्हणजे माझ्याच व्यवसायातले. आई पियानो वाजवी. दोन मुली लहानपणीच गेल्यावर झालेला हा मुलगा, त्यामुळे फार लाडाचा. आईच्या मांडीशी बसूनच तो सूर शिकला.

क्रांतीनंतर १९१८ साली प्रोकोफिएव्ह अमेरिकेला गेले. तेथे लीना कोदिना या गायिकेशी ओळख झाली. तिचा जन्म माद्रिदचा, वडील स्पॅनिश. १९२३ च्या ऑक्टोबरात जर्मनीतील एटाल गावी दोघांचे लग्न झाले. १९२४ साली स्व्यातोस्लाव आणि १९२८ साली ओलेग असे दोन मुलगे झाले. संसार पॅरिसला मांडला होता. पण प्रोकोफिएव्हांना मायदेशाची ओढ लागली आणि १९३६ साली सारे कुटुंब मॉस्कोला राहायला आले. लीनाबाईंनी नवऱ्यामागे परका देश आपला मानला. जगभरची मुले ऐकतात ती 'पीटर आणि लांडगा' ही संगीतकथा त्यांनी त्याच वर्षी रचली.

पुढे १९३८ साली मीरा मेंडेलसन ही तरुण लेखिका त्यांच्या आयुष्यात आली. १९४१ च्या मार्चमध्ये त्यांनी घर सोडले. त्याच जूनमध्ये जर्मनीने रशियावर स्वारी केली. युद्धाच्या त्या दिवसांत लीनाबाई दोन मुलांना घेऊन मॉस्कोतच राहिल्या.

१९४७ साली प्रोकोफिएव्हांनी घटस्फोट मागितला, तेव्हा न्यायालयाने सांगितले की त्याची गरजच नाही. लग्न जर्मनीत झाले आणि सोव्हिएत वकिलातीत त्याची नोंद केलेली नाही, म्हणून ते कायद्याने लग्नच नव्हे! चोवीस वर्षांचा संसार आणि दोन मुलगे, पण कागदावर ती बाई कोणीच नव्हती. १९४८ च्या जानेवारीत मीराशी लग्न झाले. पुढच्याच महिन्यात, २० फेब्रुवारीला, लीनाबाईंना अटक झाली. परदेशी वकिलातींत त्यांचे येणेजाणे असे, त्यावरून हेरगिरीचा ठपका आला आणि २० वर्षांची शिक्षा झाली. लग्न रद्द झाल्यामुळेच अटक झाली असे म्हणता येणार नाही. ते दिवसच संशयाचे होते. पण एवढ्या नामांकित माणसाची पत्नी हा आडोसा त्यांना उरला नव्हता, हे खरे.

मीराबाईंनाही दोष देऊन चालणार नाही. १९४५ साली पडून डोक्याला मार बसल्यापासून प्रोकोफिएव्हांची प्रकृती ढासळली होती. त्यांची शुश्रूषा मीराबाईंनीच केली. ५ मार्च १९५३ रोजी ते वारले. त्याच दिवशी स्टालिनही गेला, त्यामुळे या मृत्यूची वार्ता झाकली गेली. लीनाबाई तेव्हा छावणीत होत्या.

आठ वर्षांनी, १९५६ साली, त्या सुटल्या आणि आपला हक्क मागायला पुन्हा न्यायालयात गेल्या. अखेर दोघीही प्रोकोफिएव्हांच्या विधवा ठरल्या! रशियन वकीलमंडळी आजही याला 'प्रोकोफिएव्ह प्रकरण' म्हणतात. मीराबाई १९६८ साली वारल्या. लीनाबाई १९७४ साली देश सोडून पश्चिमेकडे गेल्या. नवऱ्यावर राग न धरता त्यांनी १९८३ साली त्यांच्या संगीतासाठी प्रतिष्ठान काढले, आणि १९८९ साली लंडनमध्ये डोळे मिटले.

आपल्याकडे केवळ नोंद नाही म्हणून लग्न रद्द होत नाही. पण वारसाची नोंद, पेन्शन, विमा यांची वेळ आली की बाईलाच खेटे घालावे लागतात. लग्नाची नोंद गावच्या ग्रामपंचायतीत होते. घरात नवी सून आली असेल तर दाखला काढून घ्या, आणि सातबाराशेजारी तोही ट्रंकेत ठेवा.