चित्राची घडण : लेखांक ७ – कोऱ्या जागेचे वजन

चित्रातील आकृत्यांइतकाच त्यांच्यामधला रिकामा अवकाशही चित्रकाराने योजलेला असतो, हे तत्त्व जपानी चित्रकलेत जितक्या टोकाला नेले गेले तितके क्वचितच अन्यत्र नेले गेले असेल. त्याचे सर्वांत धीट उदाहरण म्हणून हासेगावा तोहाकु (१५३९–१६१०) याच्या पाइन वृक्षांच्या चित्राकडे बोट दाखवावे लागते. सोळाव्या शतकाच्या अखेरचे हे चित्र टोकियो राष्ट्रीय संग्रहालयात असून जपानने त्याला ‘राष्ट्रीय ठेवा’ हा दर्जा दिलेला आहे. ते ‘ब्योबू’ या प्रकारातले, म्हणजे घडीच्या पडद्यावर काढलेले आहे. सहा-सहा फळ्यांचे असे दोन पडदे मिळून ते पूर्ण होते, आणि प्रत्येक पडदा सुमारे १५७ सेंटिमीटर उंच व ३५६ सेंटिमीटर रुंद असल्याने दोहोंची एकत्रित रुंदी सात मीटरांच्या वर जाते. एवढ्या विस्तारात पाइनच्या झाडांचे काही पुंजके आणि डाव्या पडद्याच्या उजव्या अंगाला, वरच्या बाजूस, हिमाच्छादित डोंगराची पुसट खूण एवढेच काय ते रेखाटलेले आहे. अर्ध्याहून कितीतरी अधिक कागद कोराच आहे.

हा कागद कोरा असूनही रिकामा का भासत नाही, याचे पहिले कारण शाईच्या छटांमध्ये आहे. ‘सुमी’ ही काजळी आणि सरस यांपासून केलेली शाई पाण्याच्या प्रमाणानुसार गडद काळ्यापासून जेमतेम दिसणाऱ्या करड्यापर्यंत उतरवता येते. तोहाकुने जवळची झाडे गडद व खरखरीत फटकाऱ्यांनी आणि मागची झाडे अतिशय पातळ शाईने काढली असल्यामुळे सर्वांत फिकट झाड आणि नुसता कागद यांच्यातील सीमा डोळ्याला निश्चित करता येत नाही. जेथे झाड संपते तेथे कागद सुरू होत नाही, तर धुके सुरू होते. वस्तुतः धुके म्हणून एकही फटकारा मारलेला नाही. ते झाडांच्या विरत जाणाऱ्या छटांनी कागदावर लादलेले आहे. चित्राच्या अगदी जवळ गेल्यास पाइनची सुईसारखी पाने वेगवेगळी ओळखू येत नाहीत, घाईने ओढलेल्या राठ रेघांचा गुंताच तेवढा दिसतो, आणि चार पावले मागे सरताच त्याच गुंत्यातून ओलसर हवेत उभे असलेले झाड तयार होते.

दुसरे कारण मांडणीचे आहे. झाडांचे पुंजके सारख्या अंतरावर नाहीत, त्यांची घनताही सारखी नाही, आणि त्यांना बांधून ठेवणारी क्षितिजाची रेषा तर मुळीच नाही. त्यामुळे तोल सांभाळण्याचे काम कोऱ्या जागेवर येऊन पडते. गडद पुंजक्याला समोरून तोलणारा दुसरा गडद पुंजका नसून कागदाचा एक लांबलचक पट्टा असतो. कलासमीक्षेत यालाच असममित तोल म्हणतात. अर्थात, कागदांचे सांधे नीट जुळत नसल्यामुळे हे मुळात एखाद्या मोठ्या कामाचे कच्चे रेखाटन असावे आणि पडद्याचे रूप त्याला नंतर मिळाले असावे, असे काही अभ्यासकांचे मत आहे. ते ध्यानात घेता आज दिसणाऱ्या प्रत्येक अंतराचे श्रेय तोहाकुच्या पदरात टाकणे धाडसाचे ठरेल. पडदा वळणावळणाने उभा राहत असल्याने काही फळ्या बघणाऱ्याकडे येतात व काही मागे सरतात, हा भाग मात्र मांडणीला खरी खोली देतो, आणि सपाट छापील प्रतीत नेमका तोच हरवतो.

ही कोरी जागा साधनांच्या टंचाईतून आलेली नव्हती. तो काळ सोन्याच्या वर्खाचा होता. सत्ताधीशांच्या वाड्यांतील भिंतीसुद्धा सोनेरी पार्श्वभूमीवरच्या भव्य वृक्षांनी झळकत होत्या, आणि क्योतोच्या चिशाकु-इन मंदिरात असलेले मेपल वृक्षाचे सोनेरी चित्र याच तोहाकुचे आहे. त्याने वर्ख बाजूला ठेवला, तो चीनमधील मुची या तेराव्या शतकातील भिक्षू-चित्रकाराच्या शाईचित्रांचा अभ्यास करून, जाणीवपूर्वक.

मराठी वाचकाला याच प्रश्नाचे आधुनिक रूप दिल्लीतच भेटते. नागपुरात जन्मलेले, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले वासुदेव संतू गायतोंडे (१९२४–२००१) १९७०च्या दशकाच्या आरंभी दिल्लीत आले आणि निजामुद्दीन ईस्टमध्ये राहून त्यांनी आपली प्रगल्भ चित्रे रंगवली. इंडिया गेटजवळच्या जयपूर हाउसमधील राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या संग्रहात त्यांची चित्रे आहेत. गायतोंडे यांना झेन विचाराचे आकर्षण होते, त्यामुळे त्यांच्या चित्रांतील विस्तीर्ण, निःशब्द अवकाशाला सर्रास जपानी म्हटले जाते. परंतु हे साम्य केवळ परिणामाचे आहे, कृतीचे नव्हे. तोहाकुला अवकाश हवा तेथे हात आवरता आला, कारण कागद स्वतःच प्रकाश देत होता. तैलरंगात काम करणाऱ्या गायतोंडे यांना ती सोय नव्हती. रोलरने रंगाचे पातळ थर चढवायचे, पॅलेट नाइफने ते खरवडायचे, ओल्या रंगावर कागद दाबून तो उचलून घ्यायचा, आणि अशा थरांखालून उजेड वर येऊ द्यायचा, अशी त्यांची पद्धत होती. म्हणजे त्यांच्या चित्रात जी जागा सर्वांत रिकामी वाटते तिथेही रंगाचे थर चढलेले असतात. एकाने न रंगवून जे साधले ते दुसऱ्याने पुन्हापुन्हा रंगवून आणि काढून साधले.

१९५७ मध्ये टोकियोत भरलेल्या तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात गायतोंडे यांना पुरस्कार मिळाला होता, ही गोष्ट प्रभावाचा पुरावा म्हणून पुढे करण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा, कारण पुरस्कार त्यांच्या चित्राला मिळाला होता. त्यांनी तोहाकुचे चित्र पाहिले होते असे त्यावरून मुळीच ठरत नाही. ही तुलना प्रभावावर उभी न करता तंत्रावर उभी केली, तरच दोन्ही चित्रकारांना न्याय मिळतो, आणि त्यासाठी गायतोंडे यांच्या चित्रासमोर थेट समोरून न थांबता किंचित बाजूने उभे राहावे, म्हणजे कॅनव्हासवरील थरांच्या कडा आणि खरवडल्याच्या खुणा तिरप्या उजेडात स्पष्ट दिसतात.